वनाचे आठ फोटो

अमळनेरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फोटोचं दुकान आहे. लग्नाचं काम आता तरुण पोरं ड्रोन उडवून करतात, त्यामुळे आमचं पोट चालतं ते गंधमुक्तीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या फोटोंवर. माणूस जातो आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं, की भिंतीवर लावायला धड एक फोटो नाही. कुणीतरी मोबाइलवर काढलेलं तिरडीवरचं तोंड घेऊन येतं. नाकातला कापूस मी काढतो, टोपी चढवतो, मागे निळं आभाळ टाकतो आणि डोळे उघडून देतो.

यात जादू काही नाही. माझ्या कॉम्प्युटरवर 'डोळे' नावाचं एक फोल्डर आहे. तीस वर्षांत काढलेल्या फोटोंमधून उचललेल्या दोनशे बारा जोड्या त्यात आहेत, वयाप्रमाणे लावलेल्या. कुणाचे कुणाला बसवले हे कुणालाच कळत नाही. उलट सुना डोळ्यांना पदर लावून म्हणतात, "आबा आस्सेच बघायचे." दुःखात माणसाला हवं तेच दिसतं. मी मान हलवतो आणि फोटो कागदात बांधून देतो.

मार्चमध्ये माझ्या मुलीचा, पुनमचा, पुण्याहून फोन आला. तिच्या कंपनीला अमेरिकेतल्या एका संग्रहालयाचं काम मिळालं होतं. शंभर वर्षांपूर्वीचे एकशे चाळीस फोटो, त्यावरची बुरशी, ओरखडे, घड्या काढायच्या.

"पप्पा, एकच नियम आहे. मुळात जे आहे त्यातलं काही बदलायचं नाही. आणि फोटो वाईट आहेत. झाडाला टांगलेली माणसं आहेत."

"मढ्यांचीच कामं करतो मी. मला काय होतंय?"

तिनं आधी थोडा इतिहास सांगितला. गोऱ्यांच्या टोळ्या होत्या, पांढरे टोकदार बुरखे घालून काळ्यांच्या वस्त्या जाळायच्या. आपलं रक्त वरचं आणि त्यांचं खालचं, एवढंच कारण. मी बुरख्यांची वाट बघत फोटो उघडत गेलो. बुरखे फक्त तीन फोटोंत निघाले. बाकी सगळीकडे उघडी तोंडं होती. हॅट, टाय, इस्त्रीचे शर्ट. केसांना रिबीन बांधलेली मुलगी. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर. वर फांदीला माणूस टांगलेला आणि खाली गाव जमलेलं, कॅमेऱ्याकडे बघून हसणारं. कुणालाही तोंड लपवावंसं वाटलं नव्हतं.

पुष्कळसे फोटो पोस्टकार्डांवर छापलेले होते. एकाच्या मागे कुणीतरी आपल्या आईला लिहिलं होतं, की डावीकडे डोक्यावर फुली केलेला मी. खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव असायचं, पांढऱ्या शाईत, झोकदार अक्षरात. म्हणजे माझ्यासारखाच एक दुकानदार तिपाई घेऊन तिथे गेला होता, "जरा जवळ सरका" म्हणाला होता आणि नंतर त्यानं ती कार्डं विकली होती. त्याच्या नावावरची बुरशी मीच साफ केली. नाव छान उजळलं. मेलेल्याचं नाव मात्र यादीत बहुतेक ठिकाणी 'अज्ञात' होतं.

अकराव्या फोटोबद्दल पुनमचा फोन आला.

"पप्पा, संग्रहालयाच्या बाईंनी विचारलंय. तुम्ही त्या माणसाचे डोळे का उघडले?"

मी फोटो उघडला. खरंच, डोळे उघडे होते. मला स्वतःचाच राग आला. तीस वर्षांची सवय. हात चालत असतात, डोकं दुसरीकडेच असतं. मी माफी मागितली, मुळातला फोटो पुन्हा साफ करून पाठवला. मग कुठली जोडी वापरली ते बघायला फोल्डर उघडलं. दोनशे बारा जोड्या दोनदा बघितल्या. ते डोळे त्यात नव्हते.

नसणारच. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं वडस, म्हणजे मांसाचा पडदा, वाढलेला होता, बुबुळापर्यंत आलेला. उन्हातान्हात राबणाऱ्याचा डोळा. असा डोळा कुठलाही रिटचवाला फोल्डरात ठेवत नाही.

मी खुर्ची मागे सरकवली. बाहेर बारा वाजताचं लख्ख ऊन होतं, शेजारच्या टपरीवर चहा उकळत होता. तो वडस मी ओळखला होता.

गावाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, तिथले लोकच तसले. शिंदखेड्याच्या बाजूचं बाजाराचं गाव, एवढं पुरे. सात वर्षांपूर्वी माझं दुकान तिथे होतं. तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर एकच निरोप फिरत होता, की पोरं पळवणारी टोळी आली आहे, परकी माणसं दिसली की धरा. आणि बाजारात परकं कोण, हे कातडीवरून आणि कपड्यांवरून ठरत होतं. आदिवासी पाड्यावरून आलेला माणूस सगळ्यांत आधी परका.

त्या दिवशी अकरा वाजता वना आला. शिरपूरकडच्या पाड्यावरचा, चाळिशीचा. बँकेच्या खात्यासाठी फोटो हवे होते. आयुष्यातला पहिलाच फोटो, म्हणून बसला तो अगदी ताठ. मी म्हटलं, "डोळे नीट उघड." तेव्हा तो वडस दिसला होता. आठ फोटोंचा संच तासाभरानं ने म्हटलं. तो पोरांसाठी गोडीशेव घ्यायला गेला.

बाजारात एक पोर आईपासून चुकून रडत होतं. वनानं त्याच्यापुढे गोडीशेवचा तुकडा धरला.

पुढचं आवाजावरून कळलं. तो धावत माझ्याकडे आला, कारण त्या सबंध बाजारात त्याच्या ओळखीचा मी एकटाच होतो. शर्ट फाटला होता. मागे माणसं होती, माझीच गिऱ्हाइकं.

"भाऊ, मना फोटो तुमनाजोडे शे ना? सांगा ना यासले, मी कोन शे ते!"

मी शटर ओढलं.

ते शटर वाकडं होतं, शेवटचं वीतभर खाली येत नसे. त्या फटीतून मला फक्त पाय दिसले. पुष्कळ पाय. मग हळूहळू त्यांच्यात एक मोकळी जागा झाली.

मी आत उभा होतो. हातात त्याचे आठ फोटो होते, कापून तयार.

संध्याकाळी तिघं आले. वनाला ठेचून मारतानाचं मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण कार्डावर उतरवून हवं होतं. मी उतरवून दिलं. पोलिसांना सांगितलं, दुकान बंद होतं. महिन्यानं त्याची बायको, भिकुबाई, आली.

"तो तुमना दुकानमा उना व्हता का, भाऊ? फोटो काढाले जास सांगीसन गया व्हता. घरमा त्याना एक बी फोटो नही. पोरेसले दखाडाले जोयजे."

फोटो दिला, की तो आला होता हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हटलं, "नाही आला." ती उंबऱ्यावरूनच परत गेली. साक्षीदार मिळाला नाही म्हणून खटला ढेपाळला. मी दुकान अमळनेरला आणलं. फोटोंचं पाकीट मात्र फेकवलं नाही. लोखंडी कपाटात, बिलबुकांच्या खाली ठेवून दिलं.

संग्रहालयाच्या बाराव्या फोटोला मी अजून हात लावलेला नव्हता. नुसता उघडला. फांदीवरच्या माणसाचे डोळे उघडे होते, डाव्यात वडस.

तेराव्यातही.

नंतरचे मी भराभर उघडत गेलो. वेगळी गावं, वेगळी झाडं, पूल, विजेचा खांब. खालची गर्दी नेहमीसारखी हसत होती. वरचा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. ताठ बसून, सांगितल्याप्रमाणे, डोळे नीट उघडून.

पुनमला फोन केला.

"बाईंना म्हणावं, मूळ प्रती बघा."

दोन दिवसांनी ती म्हणाली, "बघितल्या त्यांनी. मुळातही डोळे उघडेच आहेत म्हणतात. आधी आमच्याच नजरेतून सुटलं असेल, म्हणाल्या. पप्पा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

मी काम परत पाठवलं. कपाटातून पाकीट काढलं आणि न उघडताच शिरपूरची गाडी पकडली.

भिकुबाई घरापुढे तूर निवडत होती. मोठी मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली होती. मी बसमध्ये ठरवलेली सगळी वाक्यं विसरलो.

"मी खोटं बोललो होतो. तो आला होता. शटर मी ओढलं."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "शटरखाले तुमना पाय दखायेत, आसं बजारमा बठ्ठा सांगतस."

सात वर्षं तिला माहीत होतं. मला रडू फुटलं, आणि तिच्यापुढे रडायचा मला काहीच हक्क नव्हता, म्हणून आणखी लाज वाटली. तिनं हात धुतले, पुसले. नवऱ्याचा फोटो हातात घ्यायचा म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग पाकिटातून फोटो बाहेर काढले.

"डोया मिटेल शेतस," ती म्हणाली.

मी फोटो घेतले. आठही फोटोंत वना ताठ बसला होता, आणि आठांतही त्याचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो बँक घेत नाही. असा फोटो मी कधीच कापला नसता.

"उघाडी द्या," ती म्हणाली. "पोरेसले बाप असा नको दखाडाले."

सात वर्षांत ती माझ्याकडे एकदाच काही मागायला आली होती. हे दुसरं मागणं माझ्याच पायांनी तिच्यापर्यंत गेलं होतं. मी म्हटलं, "देतो. हेच तर काम आहे माझं."

त्याला आता पाच महिने झाले. वकिलाकडे जाऊन जबाब लिहून दिला. तो म्हणाला, आता फार उशीर झाला. फोटोचंही तसंच. वनाच्या तोंडावर जोडी बसवतो, छापतो, आणि कागद मशीनमधून बाहेर येतो तेव्हा डोळे मिटलेले असतात. दुसऱ्या जोड्या काढायला फोल्डर उघडलं. पोरांचे, म्हाताऱ्यांचे, बायकांचे, दोनशे बाराच्या दोनशे बारा डाव्या डोळ्यांत वडस आहे. बाकी कुणाच्याही तोंडावर ते सहज बसतात. घरचे लोक नेतात, म्हणतात, आबा आस्सेच बघायचे. कुणी तक्रार करत नाही.

भिकुबाई महिन्यातून एकदा येते. सोमवारीही आली.

"उघडनात का?"

"नाही अजून."

ती नेहमीसारखी बाकावर टेकली. मी तिला पाणी दिलं. समोरच्या भिंतीशी गंधमुक्तीचे पाच फोटो न्यायला लावून ठेवले होते. यावलचे एक गुरुजी, एक व्यापारी, एक ड्रायव्हर, दोन शेतकरी. पाचही तिला परके; डोळे मात्र पाचांचेही माझ्या फोल्डरातले.

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.