आत एकच माणूस

लाइट यायला वेळ आहे, मेणबत्तीही चांगली जाडजूड आहे, आणि मी टाक्यांत उतरणं का सोडलं हे तुम्ही मघापासून विचारताय. तर सांगते.

सुरुवात नवऱ्याच्या पोटापासून झाली. लग्न त्याला जरा जास्तच मानवलं. आमचा घरचा धंदा टाक्या धुण्याचा. कारखान्यांच्या मोठाल्या टाक्यांत उतरायचं आणि पंपाच्या जोरदार पाण्याने त्या आतून खरवडून काढायच्या. त्या दुपारी गोंदाच्या कारखान्यात नवरा टाकीच्या तोंडातून आत जायला निघाला आणि कमरेशी अडकला.

"आईला सांग, मुलगा आहे, पाहुणा नाही. वाढताना हात आखडता घे," सासरे त्याला ओढून काढत म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काम मी शिकले होते, दोन-चार लहान टाक्या धुतल्याही होत्या.

"जमेल?"

मी मान हलवली. मी कमी बोलते, त्यामुळे माझ्या मान हलवण्याचा अर्थ घरात प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो.

सासऱ्यांनी आतली हवा तपासली, पंखा सुरू केला, माझ्या कमरेला दोर बांधला आणि शाळेतल्या मास्तरांसारखी उजळणी घेतली.

"ट्रिगर?"

"दाबला की पाणी, सोडला की बंद."

"बोट दुखलं म्हणून बांधून ठेवायचा?"

"कधीच नाही."

"आत माणसं किती?"

"एकच."

हे पाणी रबरी बूट कापतं. हातमोज्यातून आत शिरलं तर वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून हात सडतो. म्हणून आत पाणी मारायची एकच गन, एकच माणूस. माझे मोठे दीर, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, दोन वर्षांपूर्वी टाकीतच गेले. ट्रिगर रबरी पट्टीने बांधलेला सापडला, एवढंच मला माहीत होतं. ती टाकी कुठली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नव्या सुनेने अशा गोष्टी विचारायच्या नसतात.

मी शिडीने खाली उतरले. आंबट, शिळ्या पिठासारखा वास. भिंतींवर तपकिरी गोंदाचा जाड थर. नवरा वर तोंडापाशी पंपाच्या पॅडलवर पाय देऊन उभा. त्याने पाय काढला की पंप बंद. मी दोराला झटका द्यायचा आणि त्याने पाय काढायचा, असं ठरलं होतं. मी टाकीच्या पार टोकाला गेले आणि सुरुवात केली. पाण्याचा आवाज त्या लोखंडी पोटात इतका घुमतो की आपलेच विचार आपल्याला ऐकू येत नाहीत. डोक्यावरच्या दिव्यात नुसतं धुकं.

चष्म्याची काच पुसायला म्हणून मी ट्रिगर सोडला. माझी गन गप्प झाली.

आवाज थांबला नाही.

कान वाजत असतील, असं म्हणून मी थोडी थांबले. मग शिडीजवळच्या भिंतीवर एक चकचकीत पट्टा उमटताना दिसला. वरून खाली. त्याला अर्धा झाकत दुसरा. मग तिसरा... कुणीतरी मुरलेला कामगार घाई न करता भिंत धूत होता. तिथे कुणीही नव्हतं.

मी दोराला झटका दिला. बाहेर पंपाची घरघर विझली. आत मात्र ती सुसाट शीळ तशीच.

"काय गं, दमलीस?" वरून नवरा.

"पंप... बंद केला?"

"केला की. पाय हवेत आहे माझा."

"मग हे काय चाललंय? तुला ऐकू येत नाहीये?"

सासऱ्यांसमोर मी त्याला अहो म्हणते. वर सासरे धावत तोंडापाशी येऊन वाकले. बहुधा माझ्या 'तुला'नेच त्यांना कळलं की हे साधं नाही.

तेवढ्यात कमरेचा दोर सैल पडला. मधोमध कापला गेला होता, सुरीने कापावा तसा. म्हणजे पाण्याची ती धार माझ्या आणि शिडीच्या मधून जात होती. ती दिसत नव्हती. ओलांडायची कुठून?

"दोर... रिकामा आला," नवऱ्याचा आवाज फाटला. "मी उतरतो!" आणि तो पुन्हा अडकला. तोंडातून येणारा उजेड गेला. पंख्याची हवाही गेली. त्याचे पाय तेवढे हवेत धडपडत होते. सासऱ्यांनी त्याला वर खेचलं, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

पट्टे माझ्याकडे सरकत होते. मी पाठ भिंतीला लावली.

वरून सासरे बोलले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"बाळा... ट्रिगर सोड... धाकट्याची बायको आहे रे ती..."

हीच ती टाकी. मी डोळे मिटले. माझ्या दोन्ही कानांपाशी लोखंडावर पाणी आपटत होतं. अंगावर थेंबही आला नाही. धार पुढे गेली.

मग सुचलं. तो सोडणार कसा? ट्रिगर बांधलेला आहे.

मी भिंतीला घासत, धारेच्या मागच्या बाजूने, जिथून शीळ निघत होती तिकडे सरकले. हातमोजा काढला आणि अंधारात हात पुढे केला. गार, ओलं काहीतरी हाताला लागलं. त्यावर रबर, करकचून गुंडाळलेलं. नखाने टोक शोधलं आणि वेढे सोडवत गेले. खाली बोटं आखडलेली होती. एकेक उलगडलं...

शीळ थांबली. मी शिडीवरून वर आले ती थेट नवऱ्याच्या अंगावर. सासरे जमिनीवर बसून रडत होते. "सुटला... माझा पोर सुटला," एवढंच म्हणत होते. त्या रात्री आमच्या घरी सगळे पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या मुकादमाने फोनवर फोटो पाठवला. काम झकास झालंय, एका भिंतीवर तेवढा डाग राहिलाय, म्हणाला. भिंत आरशासारखी लखलखत होती. मधे गोंदाचे दोन आकार, न धुतलेले. एक माझा, पाठ टेकून उभा. दुसरा उंच, डावा खांदा उतरलेला, मला अर्धं झाकून हात पसरून उभा.

"दादाचा खांदा," नवरा पुटपुटला.

दोन्ही पंजे उघडे होते. त्यांत गन नव्हती, काहीच नव्हतं. धार अंगावर घेत दादा माझ्यापुढे उभे राहिले होते.

सासऱ्यांनी फोटोतले ते पंजे मोठे करून पाहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सूनबाई, तू ज्याचं रबर सोडवलंस... त्या हाताला बोटं किती होती?"

"मोजली नाहीत, बाबा," मी म्हटलं. "पण उलगडायला... फार वेळ लागला."