बंद बाटलीतला वायू

तुर्भ्याच्या कामगार वस्तीत त्या सकाळी मेथी पांढरी पडलेली दिसली. फुटक्या बादल्यांत आणि तेलाच्या डब्यांत लावलेली मेथी. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग जुन्या कागदासारखा.

डॉ. सबिहा मुकादम यांनी वस्तीतल्या दवाखान्यातून फोन केला, तेव्हा त्यांच्या बाकावर बसायला जागा उरली नव्हती.

"प्रियदर्शिनी, काल दिवसभर वस्ती खोकत होती. तुमची बाटली काय म्हणते?"

प्रियदर्शिनी पाटणकर ही एका खाजगी संशोधन संस्थेची मुख्य रसायनतज्ज्ञ. वस्तीच्या हवेचे नमुने तपासायचे काम त्या संस्थेकडे होते. कालच्या आकड्यावर तिने नुकतीच सही केली होती.

"सल्फर डायऑक्साइड सेहेचाळीस. राष्ट्रीय मानक निवासी भागाला ऐंशी."

"म्हणजे आमची फुफ्फुसंच मानकात बसत नाहीत," सबिहा म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी वाशीला सुनावणी होणार होती. वस्तीला लागून असलेल्या आम्लाच्या कारखान्याला दुसरी चिमणी हवी होती. आकडा मानकाखाली राहिला की चिमणी मंजूर आणि वस्तीची तक्रार निकालात. १९९६ साली मानके नवी होती, आणि नव्या शास्त्रग्रंथावर असावी तशी सर्वांची त्यांच्यावर श्रद्धा होती. ग्रंथ सोयीच्या बाजूने बोलत असला की श्रद्धा अधिकच दृढ होते.

वस्तीतल्या शाळेच्या गच्चीवरचा पंप हवा ओढून दोन बाटल्यांतून सोडी. एकीतले द्रावण सल्फर डायऑक्साइड पकडी, दुसरीतले नायट्रोजन डायऑक्साइड. संध्याकाळी पंप सांभाळणारा सुभाष त्या बंद करून बुचावर मेण ओती, आणि वस्तीच्या वतीने बायजाबाई त्या मेणावर अंगठा दाबी. ही पद्धत संस्थेचे संचालक शहाजीराव शिंगटे यांनी घातली होती. तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत चांगले छापून आले होते.

प्रियदर्शिनीने कालची बुचे पुन्हा हातात घेतली. दोन्ही सीले अखंड आली होती, ती तिने स्वतः फोडली होती. नायट्रोजनच्या बुचावर अंगठ्याची रेघन्‌रेघ होती. सल्फरच्या बुचावरचे मेण मात्र गुळगुळीत आणि चकचकीत होते.

ती गच्चीवर गेली.

"पंप मंदावला होता का, सुभाष?"

"नाही मॅडम. नळ्या पण चेक केल्या."

"तुझा मेहुणा कारखान्यात आहे."

"आहे ना. तो पण खोकतो. वरनं आमच्या ताईचं ऐकून घेतो."

प्रियदर्शिनीने मान हलवली. पंप एकच होता. तो मंदावला असता तर दोन्ही आकडे पडले असते. ट्रकांच्या धुरातून येणारा नायट्रोजनचा आकडा रोजच्यासारखाच भरघोस होता.

बायजाबाई मूळची पाटणकडची. ती खालीच उभी होती.

"मावशी, काल अंगठा घाईत टेकवलात का?"

"चटका बसंस्तवर दाबला. दोन्हीवर. नातवाच्या छातीचा पिंजरा वाजतुया, आन म्या घाई करू व्हय?"

ड्रायव्हर इद्रीस बाटल्यांची बर्फाची पेटी जीपमधून संस्थेत नेत असे.

"वाटेत थांबला होतास?"

"वाशीच्या सिग्नलला. तेवढा गुन्हा कबूल."

"बर्फ वितळला होता?"

"दगडासारखा होता, मॅडम. पेटी शिंगटे सरांच्या हातात दिली. फ्रिज त्यांच्या खोलीत, चावी पण त्यांच्याकडेच. सकाळी बाटल्या तेच बाहेर देतात. बोलतात, नमुना म्हणजे लेकरू, कुणाच्या भरवशावर टाकायचा नाही."

दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. पृथक्करणाचे पहिले धडे तिने याच माणसाकडून घेतले होते. कठोर बोलून हळुवार शिकवणारा माणूस. टेबलावर नव्या प्रयोगशाळेचा आराखडा पसरलेला होता. कोपऱ्यात जंतू वाढवायच्या उबदार पेटीचा लाल दिवा तेवत होता. पाण्यातल्या जंतूंचा प्रकल्प संपून वर्ष उलटले होते.

"सर, मेथी करपली आहे. आकडा सेहेचाळीस कसा?"

"पाने भावनाप्रधान असतात, अगं. द्रावण तसे नसते. तू तपासलेस ना? मग पुरे." त्यांनी आराखडा तिच्याकडे वळवला. "हे दालन तुझे. प्रमुख म्हणून तुझेच नाव सुचवले आहे."

"इतका खर्च कोण करणार?"

"जगात दाते असतात," सर हसून म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिने सबिहांकडून तापाची दोन थर्मामीटर आणली. संस्थेच्या फाटकाशी इद्रीसची जीप थांबवली आणि पेटीतला बर्फ हाताने चाचपून पाहिला. उजेड लागू नये म्हणून बाटल्या काळ्या कागदात गुंडाळलेल्या असत. पारा झटकून तिने प्रत्येक गुंडाळीत एकेक थर्मामीटर सरकवले.

"सरांना सांगायचं नाही, असंच ना?" इद्रीसने विचारले.

"विचारलं तर खोटं बोलू नकोस."

"ड्रायव्हरला कोण विचारतो?"

सकाळी सरांनी तिच्या हाती बाटल्या दिल्या. तिने काळे कागद उलगडले आणि आतली थर्मामीटर एकेक करून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत शिंगटे सर तज्ज्ञ म्हणून व्यासपीठावर होते. अधिकाऱ्यांनी सेहेचाळीसचा आकडा वाचून दाखवला. प्रियदर्शिनी उभी राहिली.

"त्या आकड्यावर माझी सही आहे. ती मी मागे घेते."

"तपासणी चुकली?"

"तपासणी बरोबर आहे. बाटलीत तेवढाच वायू उरला होता. गच्चीवर त्यात किती शिरला, हा प्रश्न कुणी विचारला नाही."

"सील अखंड होतं, हे तूच लिहून दिलं आहेस," शिंगटे शांतपणे म्हणाले.

"सील माणसाला अडवतं, सर. उष्णतेला अडवत नाही." ती अधिकाऱ्यांकडे वळली. "द्रावणात पकडलेला सल्फर डायऑक्साइड थंडीत टिकतो. ऊब दिली की त्याचा मोठा भाग रातोरात नष्ट होतो. दुसऱ्या बाटलीतलं द्रावण तसं ढळत नाही, म्हणून एकच आकडा पडला. बायजाबाईंनी अंगठा दोन्हीवर सारखाच दाबला होता. ठसा एकाच मेणावरून पुसला गेला, कारण तेच मेण पुन्हा मऊ झालं होतं."

"कुठे?"

"गच्चीवर नाही, तिथे दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात. जीपमध्येही नाही. परवा संध्याकाळी फाटकाशी मी बर्फ पाहिला आणि दोन्ही कागदांत तापाचं थर्मामीटर ठेवलं. चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. सकाळी नायट्रोजनच्या बाटलीजवळचा पारा तळाशी होता. सल्फरच्या बाटलीजवळची नळी पारा टोकाला भिडून फुटली होती. मधल्या रात्री त्या बाटल्या एकाच खोलीत होत्या, आणि त्या खोलीत एकच वस्तू तापते. जंतू नसलेली, जंतूंची पेटी."

सभागृहात कुणीतरी खोकले.

"ती खोली तुमची आहे, सर. नव्या दालनाचा दाता कोण, ते मी काल कारखान्यात विचारलं. त्यांनी अभिमानाने स्वतःचंच नाव सांगितलं."

शिंगट्यांनी चष्मा काढला. "एकही आकडा मी बदललेला नाही. कारखाना थांबला तर याच वस्तीची चूल विझेल, हे तुला कळत नाही. आणि ते दालन तुझ्यासाठी होतं."

"म्हणून तर सही माझी घेतलीत."

आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या त्या माणसाने चष्मा पुसायला घेतला.

"मग खरा आकडा किती?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"तो आता कुणालाच सांगता येणार नाही. तो वायू गेला."

चिमणीची मंजुरी रोखण्यात आली आणि नमुने नव्याने घ्यायचे ठरले. शिंगट्यांना बाजूच्या खोलीत जबाबासाठी नेले.

बाहेर बायजाबाई वाट अडवून उभी होती.

"त्यो मास्तर तुमचा. सही तुमची. आता नवी बाटली बी तुमीच नेनार. तुमच्यावर इस्वास ठिवायचा कशापायी?"

प्रियदर्शिनीने तिच्याकडे पाहिले.

"ठेवू नका, मावशी. रोज पेटीबरोबर या. रात्री फ्रिजच्या खोलीत बसा, सकाळी माझ्या टेबलाशी उभ्या राहा."

"आन काय कळलं न्हाई तर?"

"विचारा. मला सांगता आलं नाही, तर आकडा धरायचा नाही."

बायजाबाईने पदर खोचला आणि ती इद्रीसशेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसली. प्रियदर्शिनी मागे चढली.