पुष्पाच्या लग्नाची दुसरी सीडी

उकंडाकाका आर्णीच्या बसस्टँडमागे पूर्वी व्हिडिओ पार्लर चालवायचे. आता तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. जेवणं उरकलेली असली आणि लाइन गेलेली असली, की गल्लीतली पोरंपोरी त्या दुकानाच्या पायऱ्यांवर काकांभोवती जमतात. काका आधी निवांत बिडी पेटवतात. मग म्हणतात, "हे मी सोता पाह्यलं नाही. पण ज्यानं पाह्यलं, तो मले खोटं सांगत नाही." दीपाला तेवढंही पुरतं. ती पाय वर घेऊन बसते आणि रोशनला कोपर मारून मोबाइलची बॅटरी चालू ठेवायला सांगते.

त्या रात्री काकांनी सांगितलं ते लालसिंगचं.

लालसिंग म्हणजे पार्लरच्या शेजारी टीव्ही-मिक्सर दुरुस्त करायचा तो. त्याला आणि अकरा किलोमीटरवरच्या तांड्यातल्या बाबूसिंगला एकच वेड होतं, सीड्यांचं. जग पेनड्राइव्हवर गेलं, मग मोबाइलवर गेलं, तरी हे दोघे भंगारवाल्याकडून प्लेअर उचलून आणत होते. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता. नागपूर, अकोला, नांदेडकडची तीसेक माणसं त्यात रात्ररात्र वाद घालायची. सीडीची चांदी आधी कडेने सुटते की मधून? परातीएवढी ती लेसर डिस्क, अर्ध्या सिनेमात उठून उलटी करावी लागते, तिचं चित्र खरंच एवढं झकास असतं का? लेसर डिस्क दोघांनी फक्त फोटोत पाहिली होती. निदान लालसिंग तरी तसं समजून होता.

या दोघांची एक रीत होती. सिनेमा दोन सीड्यांत यायचा. पैसे दोघं मिळून घालायचे आणि डबी दुकानाच्या दारातच फोडायचे. पहिली सीडी लालसिंगची, दुसरी बाबूसिंगची. एकट्याने पुरा सिनेमा पाहायची सोयच ठेवायची नाही. ऐन मारामारीत पहिली सीडी संपली, की उरलेलं पाहायला दुसऱ्याचं तोंड पाहणं आलंच. वार शनिवारचा ठरलेला. बाबूसिंगची बायको बसंतीबाई चहा ठेवता ठेवता म्हणायची, की तुमचं दोघांचंच लगन लावून टाकलं असतं तर आम्ही बाया तरी सुटलो असतो.

लालसिंगचं लग्न झालं दोन हजार तीन साली. शूटिंगच्या सीड्या आल्या, त्याही दोन. हसत हसत, रीत म्हणजे रीत, असं म्हणत त्याने दुसरी बाबूसिंगच्या हातात ठेवली. त्या सीडीत पुष्पाचा ढावलो होता. तांड्यावरची नवरी निघताना आपल्या माणसांच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो. पहिली सीडी संपते तिथे पुष्पा मान खाली घालून बसलेली आहे, ती तोंड उघडते, आणि पडदा निळा होतो.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात पुष्पा गेली. घरात तिचे फोटो होते. आवाज कुठेच नव्हता. तिचा फोन शेवटपर्यंत साधा, बटणांचा. दिवसकार्य झाल्यावर लालसिंगने दुसरी सीडी मागितली. बाबूसिंग खाली पाहत म्हणाला, की तिची चांदी सुटली, निस्ती काच राह्यली. लालसिंगने विश्वास ठेवला. अशा शंभरेक सीड्या त्याने स्वतः टाकून दिल्या होत्या. पण तेव्हापासून बाबूसिंगचे शनिवार मोडले. कधी पाठ धरली, कधी शेतात रातचं ओलीत, कधी सासुरवाडी. आठवड्यात कधीही ये म्हणायचा, शनिवार सोडून.

मग आला शनिवार, चार जानेवारी दोन हजार पंचवीस. काका तारीख दोनदा सांगतात. अमावस्या नव्हती की काही नव्हतं, साधी पंचमी.

त्या संध्याकाळी ग्रुपवर एकाने लिहिलं, की चांदी सुटलेल्या सीडीतूनही चांगला राहिलेला तुकडा काढता येतो, अकोल्याला त्याच्या ओळखीचा माणूस आहे, आणि लिहिणारा स्वतः उद्या सकाळच्या बसने आर्णीवरून तिकडे जातो आहे. लालसिंगने ते तीनदा वाचलं. दोन मिनिटं निघाली तरी चालणार होती. एक ओळ निघाली तरी चालणार होती. बाबूसिंगला फोन लावला, उचलला नाही. साडेनऊला त्याने मफलर गुंडाळला, मोटरसायकल काढली आणि निघाला. काम काय, तर मित्राच्या घरून एक खराब सीडी आणायची.

रस्ता पायाखालचा. दोन्ही बाजूंना कपाशी, पुढे तूर. थंडी होती. तांड्यावर पोहोचला तेव्हा चंद्र मावळायला आला होता. अंगणात बाबूसिंगची गाडी उभी होती. त्याने आपली तिच्या शेजारी लावली आणि किल्ली काढली.

तेव्हा ऐकू आलं.

घरातून. बाईचं गाणं. रडत, अडखळत, एकेक शब्द लांबवत.

पुष्पा.

लालसिंगला भीती वाटली नाही. काका म्हणतात, हे त्याने त्यांना शपथेवर सांगितलं. त्याला आधी वाटला तो संताप. सीडी चांगली होती. साडेतीन वर्षं हा माणूस दर शनिवारी दार लावून एकटा बसत होता, लालसिंगच्या बायकोचा आवाज ऐकत होता, आणि त्याला काच झाली म्हणून सांगत होता.

त्याने दार लोटलं.

गाणं थांबलं. शब्दाच्या मधेच.

बाबूसिंग भिंतीला टेकून खाली बसला होता, घोंगडी डोक्यावरून घेतलेली. घरात दुसरं कोणी नव्हतं. टीव्ही काळा होता.

"आज काहून आला बे तू?" बाबूसिंग म्हणाला. आवाज फाटलेला.

"सीडी दे."

"नाही ना रे माह्यापाशी."

"आत्ता ऐकली मी. बाहीर उभा होतो."

बाबूसिंग उठला नाही. त्याने फक्त प्लेअरकडे बोट केलं. लालसिंगने जाऊन बटण दाबलं. ट्रे बाहेर आला नाही. त्याने मागे हात घातला. पिन बोर्डात नव्हती. वायर गुंडाळून रबर लावून ठेवलेली. त्याने खिशातल्या पेचकसाने वरचं झाकण उघडलं. आयुष्यभर तेच काम केलेलं. आत धूळ होती. सीडी नव्हती.

मग बाबूसिंगने सांगितलं. एका दमात नाही... थांबत थांबत. नांदेडकडचा एक माणूस आला होता, दोन हजार एकोणीसमध्ये. तांड्यावरची जुनी गाणी जमा करणारा. त्याला सिनेमे नको होते, तेवढी एक सीडी हवी होती. बदल्यात त्याने लेसर डिस्कचा प्लेअर दिला, आणि एक डिस्क. बाबूसिंगने खाटेखालून गोधडीत बांधलेलं ते काढलं, जमिनीवर ठेवलं. परातीएवढी चकती चकाकली. ग्रुपवर ज्याच्यासाठी इतक्या रात्री जागवल्या, ते लालसिंगच्या पायाशी होतं. त्याने त्याकडे पाहिलंही नाही.

"पुष्पा तवा जिती होती रे," बाबूसिंग म्हणाला. "मले काय माहीत तुले लागन म्हणून. मंग तू मांगाले आला, अन् माह्या तोंडून ते खोटं निघालं. त्याच शनवारपासून हे... बसंती या दिवशी भावाकडं झोपाले जाते. त्या माणसाचा फोन लागत नाही. चार खेपा नांदेडले जाऊन आलो. घर सोडून गेला तो."

लालसिंग खाटेवर बसला. भांडायला आला होता, ते राहूनच गेलं. त्याला एवढंच कळलं, की तिचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी आहे. या खोलीत. आणि आज शनिवार आहे.

"पुन्ना सुरू होते?"

"रोज... म्हणजे शनवारी... अर्धा घंटा चालते. मधात थांबत नाही कधी."

"आता काहून थांबली?"

बाबूसिंगने उघड्या दाराकडे पाहिलं.

ते बसून राहिले. अकरा वाजले. दूर कुठे मोटरपंप सुरू होता, तो बंद झाला. साडेअकरा. लालसिंग हळूच म्हणाला, "पुष्पा, मी आलो."

काही नाही.

"मी हाव ना. लालसिंग."

काही नाही.

बारा.

त्याला ती ऐकू येत नव्हती. ज्याने तिचा आवाज देऊन टाकला, त्याच्यासाठी ती साडेतीन वर्षं गात होती. आणि नवरा दारात आला, की गप्प.

"शेवटी काय म्हणते ती?" त्याने विचारलं.

"नाव घेते."

"कोणाचं?"

बाबूसिंगने घोंगडी तोंडावर ओढली.

"बाबू. कोणाचं?"

...

लालसिंग उठला. चपला घातल्या. बाहेर आला. चंद्र कधीचाच मावळलेला. दव पडत होतं. अंगण ओलं, तारेवरचे कपडे ओले. त्याने मोबाइलची बॅटरी लावली, सीट पुसायला मफलर काढला.

त्याच्या गाडीची सीट ओली. पुढून मागून, थेंबच थेंब.

शेजारी बाबूसिंगची गाडी. टाकी ओली. पुढची सीट ओली.

मागची कोरडी.

सगळी नाही. बाई एका अंगाने बसते, तेवढीच. तिकडचा पाय ठेवायचा पायटा खाली पाडलेला.

लालसिंगने तिथे हात ठेवला.

गरम होती.