उलटी गुंडाळलेली फीत

आमची पहिली भेट जिन्याच्या वळणावर झाली. तो वर येत होता, मी खाली जात होते आणि मध्ये त्याचं कोपर होतं. माझ्या हातातली फीत वाकली.

"सॉरी! लागलं का?"

"मला नाही. हिला."

"पट्टीच तर आहे..."

"अतिवाहक फीत आहे. आत सिरॅमिकचा पातळ थर असतो. गारठवला की वीज जराही वाया न जाता धावते. वाकवला की कपबशीसारखा तडकतो — आणि बाहेरून कळतही नाही."

"आमचा थोरला भाऊ असाच आहे," तो म्हणाला.

मी हसले नाही. खाली जाऊन हसले.

तो वरच्या मजल्यावर फितींची वेटोळी करून चुंबक बनवायचा. सगळे त्याला गुंडाळ्या म्हणत. माझं काम फिती मोडेपर्यंत वाकवायचं, त्यामुळे मला कुणी काही म्हणायला धजत नसे. साहेबांनी बजावलं होतं, नवी फीत टिकली नाही तर आमचा विभागही गुंडाळणार. त्यासाठी मात्र वरच्या मजल्याची गरज नव्हती.

नव्या फितीत थराच्या दोन्ही अंगांना सारखंच तांबं होतं. कशीही वाकवा, मधल्या थराला ताण कमी. शेवटच्या चाचणीला ती गुंडाळायला तो आला.

"फितीकडे बघा."

"बघतोय की."

"ती खाली आहे... मी वर आहे."

द्रव नायट्रोजनचा पांढरा धूर आमच्यामध्ये दाटला. सिनेमात अशा धुरात गाणं सुरू होतं. इथे मीटरचा काटा हलला, म्हणजे वीज वाया जाऊ लागली. फीत गेली. विभाग गेला. मी गेले.

तो पांढराफटक पडला. "मी... उलटी गुंडाळली. आतली बाजू बाहेर. लक्ष तुमच्याकडे होतं."

मी फीत कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. थर अखंड होता. गारठ्यानं कडेचं तांबंच पापुद्र्यासारखं सुटलं होतं, म्हणून वीज थरात नीट शिरत नव्हती.

"तुमच्यामुळे नाही," मी म्हणाले. "उलटी गुंडाळूनही थर तडकला नाही."

"म्हणजे माझ्या बघण्यानं काहीच फरक पडला नाही?"

"फितीला नाही पडला..."

तो बराच वेळ हातमोजे काढत राहिला. दोनच होते.

"तुमच्या आईला भेटायला येऊ?"

"आजच या. आणि नोकरी गेल्याचं तुम्हीच सांगा. पाहुण्यांसमोर ती रडत नाही."