प्रज्वलची चूक

“उणे तीन गुणिले उणे चार,” ताजने मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि मागे वळून न बघताच विचारलं, “ठोंब्या, सांग.”

शेवटच्या बाकावरून लगेच उत्तर आलं. “उणे बारा.”

“का?”

“कारण उणे म्हणजे खाणीत उतरणं. खाली उतरलेला माणूस आणखी खाली गेला, तर वर कसा येईल बे?”

एरवी मॅडमना कुणी ‘बे’ असं अरेतुरेनं म्हटलं असतं, तर सातवीच्या वर्गात हसून हसून पोरं बाकाखाली गेली असती. आज कुणी हसलं नाही. उत्तर साफ चूक होतं आणि ते चूक आहे हे निम्म्या वर्गाला तरी ठाऊक होतं. तरी एकही हात वर झाला नाही. मॅडमनी खडू उगाच झटकला, “बरं,” म्हणाल्या आणि दुसरं उदाहरण लिहायला घेतलं.

ठोंब्या म्हणजे शिष्ययंत्र. शिकवणारी यंत्रं येऊन तोवर जुनी झाली होती. त्यांचा अनुभव असा, की यंत्र छान शिकवतं, पोरं छान माना डोलावतात आणि परीक्षेत भोपळा घेऊन घरी येतात. मग कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की गाडी उलटी फिरवून बघू. दुसऱ्याला शिकवल्याशिवाय स्वतःला कळत नाही, हे कुठलाही जुना मास्तर सांगेल. तर यंत्रालाच शिष्य करा! जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिला बघायला एक डोळा आणि बोलायला जाळी. मराठी तिला फर्डं येई, पण गणिताच्या नावानं बोंब. जूनमध्ये ती कोरी करकरीत वर्गात यायची आणि वर्षभर पोरंच तिला गणित शिकवायची. तिचं बारसंही पोरंच करायची. चंद्रपूरकडच्या त्या खाणवस्तीतल्या शाळेत यंदाच्या सातवीनं तिचं नाव ठेवलं होतं ठोंब्या.

पद्धत अशी, की एकेक धडा एकेका मुलानं शिकवायचा. ठोंब्या चुकला, तर ज्यानं शिकवलं त्यानंच तो सुधारायचा, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. आणि ठोंब्याच्या डोक्यात एका गोष्टीचं एकच कारण राहायचं. नवं पटलं की जुनं गेलं, कायमचं; कुणी शिकवलं याची नोंद तेवढी उरायची. जुनी चूक आत उरली तर पुढची सगळी गणितं नासतात, म्हणून ते मुद्दामच तसं केलेलं होतं. त्याची नक्कलही काढता येत नसे. मुलांचं बोलणं कुठं साठून राहू नये, असा कायदा होता.

ऋण संख्यांचा धडा प्रज्वल उराडेच्या वाट्याला आला होता. प्रज्वल म्हणजे तोंडाची टकळी. बाप खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावर खलाशी, म्हणजे मदतनीस, त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट खाणीवरून सुचायची. बेरीज-वजाबाकी त्यानं ठोंब्याला झकास शिकवली. गुणाकारात मात्र घसरला. मॅडम म्हणाल्या, “दिवाळीनंतर तूच सुधार हं.” तो म्हणाला, “हाव मॅडम.” दिवाळीच्या सुट्टीत त्याला डेंगीचा ताप आला आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात तो वारला. शाळा उघडली तेव्हा त्याच्या बाकावर त्याचा सोबती एकटाच बसला होता.

प्रज्वल गेला, हे ठोंब्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कुठल्या धड्यात?

एके दिवशी मधल्या सुट्टीत कुंदाबाई उराडे वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वर्गातली आरुषी त्यांना नळावर भेटली होती आणि तिनं सगळं सांगून टाकलं होतं.

“मॅडम, ते मशीन माह्या पोराचं बोलते म्हणे.”

“तसं नाही हो, ताई. त्यानं शिकवलेलं तेवढं सांगतं. आवाज त्याचा नाही.”

“आवाज कायले पाह्यजे? बोलणं त्याचं हाये ना?”

मॅडमना नाही म्हणवेना. त्यांनी पुस्तक उघडून एका उदाहरणावर बोट ठेवलं. कुंदाबाई सातवीपर्यंतही शिकल्या नव्हत्या. त्यांनी अडखळत वाचलं, “उणे सात गुणिले उणे दोन.”

“उणे चौदा,” ठोंब्या म्हणाला. “खाली उतरलेला माणूस आणखी खाली गेला, तर वर कसा येईल बे?”

“अगं माय!” कुंदाबाईंनी तोंडावर हात मारला. “बे म्हणाला! बे म्हणू नको, बे म्हणू नको करता करता माह्यं तोंड दुखलं होतं जी!” त्या हसल्या आणि हसता हसताच त्यांना मोठ्यानं रडू फुटलं. मॅडमही रडल्या. कितीही आवरलं तरी आवरेना.

मग त्या रोज येऊ लागल्या. पुस्तकातली उदाहरणं संपली तेव्हा मॅडम त्यांना नवीन घालून देत. नवरा काही आला नाही. “पोरगा मशीनीत नाही पाह्यचा मले,” एवढंच बोलून तो कामावर जाई.

“हे लिहूनही ठेवता येतं, ताई,” मॅडम एकदा म्हणाल्या. “एकच तर वाक्य आहे.”

“लिहिलेलं थांबून रायते, मॅडम. हे थांबत नाही. ज्या गणितावर त्याची कधी नजर पडली नाही, त्यातही त्याच्यासारखंच चुकते. म्हणजे कुठं तरी तो अजून विचार करूनच रायला ना?”

मॅडमनी ठोंब्याला सुधारायचं आणखी पुढं ढकललं.

पण चूक एका जागी बसत नाही. समीकरणांचा धडा आला आणि ठोंब्याची सगळी उत्तरं वाकडी यायला लागली. घटक चाचणीत तर कहरच झाला. अर्ध्याअधिक वर्गानं उणे गुणिले उणेचं उत्तर उणेच लिहिलं. वर्गातली सगळ्यात हुशार आरुषी, तिनंसुद्धा!

“तुला येतं ना गं हे?” मॅडमनी तिला बाजूला घेऊन विचारलं.

“येतं.”

“मग?”

आरुषी खाली बघत म्हणाली, “बरोबर लिहिलं की प्रज्वल खोटा पडतो.”

हुशार पोर जाणूनबुजून चुकत होती आणि बाकीच्यांना आता खरोखरच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुंदाबाई आल्या तेव्हा मॅडमनी मनाचा हिय्या करून सांगितलं, की ठोंब्याला सुधारावं लागेल.

कुंदाबाई भडकल्याच. “मिटवता त्याले? कपडे दिले, सायकल दिली, सगळं दिलं मी लोकायले. एक चूक राह्यली त्याची या दुनियेत, तेवढीबी डोळ्यात खुपते तुमच्या?”

“खुपत नाही हो,” मॅडम म्हणाल्या. “मलाही नको वाटतं. पण त्याच्या वर्गातली पोरं वाया चालली आहेत, ताई. त्याच्या चुकीपायी.”

अंगणात पोरं खिचडीच्या ताटांचा खणखणाट करत होती. कुंदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“ज्यानं शिकवलं त्यानंच सुधरवा लागते ना?” शेवटी त्यांनी विचारलं.

“हो. तशीच पद्धत आहे.”

“मग त्याच्या बदली मी सांगीन. माह्या पोराची चूक परक्यानं काऊन काढावी? पण पह्यले मले समजवा.”

समजवायला मॅडमना घाम फुटला. संख्यारेषा काढली, कुंदाबाई म्हणाल्या, “ही तर नुसती रेघ होय.” पुस्तकातला नियम वाचला, तर म्हणाल्या, “असं काऊन, ते सांगा.” मग मॅडमनी विचारलं, “ताई, मिस्टर पंपावर असतात ना? खाणीत साचलेलं पाणी रोज किती उतरतं?”

“तीन फूट म्हणते तो.”

“तर रोज उणे तीन. आणखी चार दिवसांनी?”

“बारा फूट खाली.”

“बरोबर. आता पुढं नाही, मागं चला. चार दिवसांपूर्वी पाणी कुठं होतं?”

“तेव्हा तर उपसलंच नोयतं. बारा फूट वर होतं.” कुंदाबाई थबकल्या.

“झालं! दिवस मागं मोजायचे, म्हणजे उणे चार. उणे तीन गुणिले उणे चार, अधिक बारा. प्रज्वल दोन्ही वेळा खालीच गेला, ताई. त्यानं मागं जाऊन बघितलं नाही.”

कुंदाबाईंनी मॅडमकडे पाहिलं. “मागं जाता येते जी?”

“गणितात येतं,” मॅडम कशाबशा म्हणाल्या.

शनिवारी सकाळच्या शाळेत कुंदाबाई सगळ्या वर्गासमोर ठोंब्यापुढं बसल्या. अंगावर चांगलं लुगडं होतं, पण पदर सारखा बोटांना गुंडाळत होत्या. “मी प्रज्वलची आई होय,” त्यांनी सुरुवात केली. पंपाचं पाणी सांगितलं, पुढचे दिवस सांगितले, मागचे दिवस सांगितले. मध्येच दोनदा चुकल्या आणि दोन्ही वेळा पोरांनी श्वास रोखून वाट पाहिली. कुणीही मध्ये बोललं नाही.

“म्हणजे मागं गेलं की पाणी वर?” ठोंब्यानं विचारलं.

“हाव.”

“कितीही मागं?”

“हाव बाबा, कितीबी.”

“थांबा हं, एक करून बघतो. उणे पाच गुणिले उणे सहा.” जाळी खरखरली. “अधिक तीस. कारण रोज पाच फूट उतरणारं पाणी सहा दिवसांपूर्वी तीस फूट वर होतं. आलं! मला आलं!”

आरुषीनं टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली ठेवले. कुंदाबाईंच्या डोळ्यांतून धार लागली होती. ‘बे’ गेला होता. त्यांना ते कळलं, मॅडमनाही कळलं. एकुलतं एक पोरगं त्या दुसऱ्यांदा पोचवून आल्या होत्या, आणि या वेळी आपल्याच हातानं.

“म्हणजे आधी मला शिकवलं होतं ते चूक होतं,” ठोंब्या उत्साहानं म्हणाला. चांगल्या शिष्यासारखं शंका विचारल्याशिवाय त्याला राहवत नसे. “शिकवणारा प्रज्वल उराडे, अशी नोंद आहे. मग त्यालाही अजून हे येत नसणार. त्याला कोण सांगणार?”

मॅडम लगबगीनं पुढं झाल्या, पण कुंदाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि डोळे पुसून पेटीकडे तोंड केलं.

“मी सांगीन.”

“कधी?” ठोंब्यानं विचारलं.