ब्रेकबाईचा रविवार

पोस्टमास्तरकाकांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि गॅरेजसमोर रचून ठेवलेली जुन्या टायरांची चळत धाडकन आडवी केली. शेजारी बसलेल्या त्यांच्या शिक्षिकेनं आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक अगदी वेळेवर दाबला होता. पण तो पार खाली जाऊन बसला आणि गाडी काही थांबली नाही. गाडी शिकवायला लागल्यापासून आठ वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

गॅरेजवाला हात पुसत बाहेर आला. त्यानं आधी काकांना विचारलं, लागलं का. मग तिला विचारलं. टायर गोळा करायला तो सगळ्यात शेवटी गेला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"मी ब्रेक दाबला होता," ती म्हणाली.

"दाबला असणारच. अख्खं गाव तुम्हाला ब्रेकबाई उगाच म्हणत नाही."

तो वाकून गाडीत शिरला. दोन ब्रेकना जोडणाऱ्या दांड्याचा नट ढिला झाला होता. त्यानं तो आवळला आणि काकांना सांगितलं की चूक त्यांची नव्हती. काका एवढे खूश झाले की उरलेला धडा तिथेच आटोपता घेऊन पायी घरी गेले.

ती मात्र रेंगाळली.

"हा जादा ब्रेक... काढता येतो का? एका दिवसापुरता?"

मग तिनं सांगून टाकलं. गावाबाहेरचा रेसचा ट्रॅक तीन आठवड्यांनी, रविवारी, साध्या माणसांसाठी उघडणार होता. आपली रोजची गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि हवी तशी चालवायची. अटी दोनच होत्या. शिकवण्याच्या गाडीतला दुसरा ब्रेक काढलेला हवा आणि तपासणीच्या कागदावर मेकॅनिकची सही हवी.

"आठ वर्षं मी लोकांना हळू, हळू म्हणतेय," ती टायरांकडे बघत म्हणाली. "एक दिवस मला कुणी हळू म्हणायला नको."

त्यानं हसण्यावारी नेलं नाही. "संध्याकाळी क्लास सुटले की गाडी आणत जा," एवढंच म्हणाला.

या गॅरेजवाल्याची एक ख्याती होती. नसलेला बिघाड तो कधीच सांगायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं, हेही बदलून टाका, तर हा म्हणायचा, चांगलंय, राहू द्या. त्यामुळे त्यानं काही बदला म्हटलं की लोक मुकाट्यानं मान डोलवत.

ब्रेकचे लायनर नवे आले. टायरची हवा रोज मोजली गेली. जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरायचं काम तर दोन माणसांशिवाय होतच नाही. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकामागे आडवं होऊन बारीक नळीतून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा... सोडू नका हं."

"नाही सोडत."

"आता सोडा."

असं एकेका चाकाला वीस-वीस वेळा. मधल्या वेळात बोलणं होणारच.

"तुम्ही स्वतः गाडी किती वेगानं चालवता?" तिनं विचारलं.

चाकामागून उत्तर आलं, "चाळीस."

"काय बिघाड आहे गाडीत?"

"गाडीत नाही. दाबा."

ती अशी हसली की नेमका नको तेव्हा तिचा पाय सुटला.

"गेली हवा आत," तो सुस्कारा टाकत म्हणाला. "आता या चाकाचं पुन्हा पहिल्यापासून."

"मग करा की. मला कुठे घाई आहे?" बोलून गेली आणि तिचे कान तापले. बरं झालं, मध्ये अख्खं चाक होतं.

"मलाही नाही," चाकामागून आलं.

घरी आई म्हणाली, "एवढीशी गाडी, तिला किती दिवस दुरुस्त करायची?" ती म्हणाली, "नीट करायचं म्हटलं की वेळ लागतो." आईनं तिच्याकडे नीट बघितलं आणि ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

मग आला त्या रविवारआधीचा गुरुवार. त्या संध्याकाळी तो तिच्याकडे बघतच नव्हता. "पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आवाज करतंय," तो पान्ह्याशी चाळा करत म्हणाला. "नवीन मिळायला आठवडा लागेल. रविवारचं... राहू द्या."

ती गाडी घेऊन घरी आली. पण रात्रभर तिला चैन पडेना. या गाडीची प्रत्येक कुरकुर तिला पाठ होती आणि त्यात बेअरिंगची घरघर कुठेच नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिनं अंगणात जॅक लावला. चाक वर-खाली धरून जोरात हलवलं. तसूभरही हललं नाही. फिरवून पाहिलं, तर कसलाही आवाज न करता ते फिरत राहिलं. तिला संताप आला. संतापाबरोबर आणखीही काहीतरी आलं, पण त्याच्याकडे तिनं तूर्त लक्ष दिलं नाही.

"बेअरिंग चांगलंय," गॅरेजमध्ये शिरताच ती म्हणाली.

त्यानं पान्हा खाली ठेवला. "हो. खोटं बोललो."

"का?"

"गेल्या वर्षी एक गाडी इथूनच तयार होऊन त्या ट्रॅकवर गेली. परत आली ती ट्रकवर चढून. माणसाला खरचटलंही नाही, माझ्या कामातही चूक नव्हती. तरी... रविवारी इथे बसून तुमची वाट बघायची माझ्यात ताकद नाही."

"तेव्हापासून सगळ्यांना असंच सांगता?"

"नाही. काल पहिल्यांदाच."

आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही.

"माझी काळजी करा, माझी हरकत नाही. पण माझ्याच गाडीबद्दल मला खोटं सांगू नका. मी दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसते. मलाही भीती वाटते, रोज वाटते. तरी स्टिअरिंग मी त्यांच्याच हातात ठेवते."

त्यानं तपासणीचा कागद पुढे ओढला. एकेक ओळ वाचत, एकेक वस्तू पुन्हा बघत, तासाभरानं त्यानं सही केली. शनिवारी जादा ब्रेक काढला, टपावरची 'ड्रायव्हिंग स्कूल'ची पाटी उतरवली, डिकीतली छत्री आणि कुणाच्या तरी चपला बाहेर काढल्या. चाकांचे नट त्यानं तीन-तीनदा आवळले. ती मोजत होती.

रविवारी गॅरेज बंद होतं. मालक ट्रॅकच्या कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

पहिल्या फेरीला ती प्रत्येक वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक लावत होती. दुसरीला सवय झाली. तिसऱ्या फेरीत लांब सरळ रस्त्यावर तिनं अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि ती मोठ्यानं ओरडली, एकटीच, हेल्मेटच्या आत. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शेवटच्या खेपेला सोबत माणूस न्यायला परवानगी होती. ती कुंपणाशी आली. "सही तुमची आहे ना? मग बसा."

तो बसला. प्रत्येक वळणाला त्याचा पाय समोरच्या रिकाम्या जागेवर आपोआप दाबला जात होता.

"तिथे काही नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे. मीच काढलंय."

पण चौथ्या वळणानंतर त्याचा पाय थांबला आणि तो चक्क हसायला लागला. ते हसू तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपून घेतलं.

जोरात चालवून झालं की शेवटची फेरी सावकाश मारायची असते, म्हणजे तापलेले ब्रेक गार होतात. गाडी संथ झाली, काचा खाली गेल्या, कडेच्या गवताचा वास आत आला.

"कशी चालवली?"

"तिसऱ्या वळणाला ब्रेक फार लवकर लावता."

"आठ वर्षांची सवय."

"आणि..." तो अडखळला. "आणि मला तुम्ही आवडता. हे खरं आहे. हवं तर तपासून बघा."

"तपासलंय," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "शुक्रवारी चाक हलवलं आणि ते हललं नाही, तेव्हाच कळलं. आजवर कुणाला खोटा बिघाड न सांगणारा माणूस मलाच का सांगेल?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"रागावले होते."

"आणि आता?"

ट्रॅकवरून बाहेर पडायचा रस्ता समोर आला होता. कडेला उभा असलेला झेंडेवाला त्यांना हात करून तिकडे बोलवत होता.

"आता... अजून एक फेरी मारू या का? सावकाश? ब्रेक तापले असतील."

"नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "ब्रेक केव्हाच गार झालेत."

"अहो, खरं बोला म्हटलं, पण इतकंही नको," ती म्हणाली आणि गाडी बाहेर न वळवता सरळ पुढे घेतली.