तेल किती तापलंय?

गिअरबॉक्सशी बोलताना आवाज चढवून काही उपयोग नसतो, हे गाड्या दुरुस्त करण्याच्या आठ वर्षांच्या अनुभवाने रेहाना मुजावरला चांगलं ठाऊक होतं. तरी करूळ घाटातल्या त्या वळणावर, सात टनांच्या घरगाडीच्या पायरीवर उभी राहून ती ओरडलीच.

"अरे, आत पेशंट हाय म्हणतोय न्हवं मी! चार किलोमीटर चल, मग बस हवा तेवढा वेळ गार होत!"

समोरच्या पडद्यावरून सौम्य आवाज आला, "तेलाचं तापमान एकशे चौतीस अंश. पंच्याण्णव अंशांवर आल्यावर गाडी पुढे जाईल. अंदाजे वेळ पंचावन्न मिनिटं. रुग्णाविषयीची माहिती पडताळता येत नाही."

यात गिअरबॉक्सची चूक होती असंही म्हणता येत नव्हतं. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या जुन्याच. पण त्यांच्या गिअरबॉक्सला स्वतःच्या जिवाची पर्वा नसे. चढावर तेल उकळलं तरी ते बिचारे जळेपर्यंत ओढत राहायचे. मग शिकते गिअरबॉक्स आले. तेल फार तापलं की ते चाकांना जोर देणंच बंद करत. आणि एका गाडीला आलेला अनुभव तासाभरात त्या बनावटीच्या सगळ्या गाड्यांपर्यंत पोचत असे. सुरुवातीला आणीबाणीची सोयही होती. चालकाने 'पेशंट आहे' म्हटलं की गिअरबॉक्स मर्यादा सोडून पळायचा. त्यानंतर आंब्याच्या पेट्या पेशंट झाल्या, लग्नाला उशीर झालेली वऱ्हाडं पेशंट झाली, एका उमेदवाराची अख्खी प्रचारफेरी पेशंट झाली. दीड वर्षात गिअरबॉक्स शिकले आणि त्यांनी माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवणं सोडून दिलं.

आज मात्र पेशंट खरोखरच होता. हेमंत रावराणे यांच्या पत्नी, विनया. सहा वर्षांपूर्वी स्नायूंच्या आजाराने त्यांचा श्वास यंत्राच्या हवाली केला, तेव्हा हेमंतनी वैभववाडीतलं घर विकून ही घरगाडी घेतली होती. श्वसनयंत्र पलंगाला पक्कं जोडलेलं, शेजारी छोटंसं स्वयंपाकघर, खिडकीला विनयांच्या आवडीचे पिवळे पडदे. परवापासून त्यांच्या फुप्फुसात संसर्ग झाला होता. घाटमाथ्यावर गगनबावड्याच्या रुग्णालयात खाट तयार होती, तिथे ऑक्सिजन भिंतीतल्या नळीतून येत होता. पण सुटी सिलिंडरं रुग्णवाहिकेबरोबर कोल्हापूरला गेली होती आणि ती परतायला दीड तास लागणार होता. घाटाखालचा रस्ता सकाळनंतर दरडीने पुरता बंद. अडकलेल्या हेमंतनी फोन केला, म्हणून रेहाना घाटमाथ्यावरून दुचाकीने खाली आली होती. गाडीतल्या सिलिंडरमध्ये उरला होता चाळीस मिनिटांचा ऑक्सिजन.

"ताई, हे मानणार नाही का?" हेमंतनी विचारलं. त्यांचा एक हात स्टिअरिंगवर होता, पण मान मागच्या पलंगाकडे वळलेली होती.

"बघतो." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं रेहाना पुरुषी क्रियापदातच बोले. "इंजिन चालू ऱ्हाऊ द्या. हे तेल चालू इंजिनवरच तपासायचं असतंय. बंद करून बघणाऱ्यांनी लई गिअरबॉक्स मारलेत."

तिने डिपस्टिक, म्हणजे तेल तपासायची पट्टी, ओढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि नाकाशी धरली. तेल पातळीत होतं. रंग मात्र गुलाबीचा तपकिरी झालेला, आणि वास करपलेल्या डाळीसारखा. म्हणजे आतल्या क्लचच्या चकत्या घसरायला लागल्या होत्या. ती गाडीपुढे आडवी झाली आणि कारण लगेच सापडलं. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी जाळी लाल चिखलाने लिंपून गेली होती. हेमंतनी सकाळी दरडीच्या कडेने गाडी काढली होती, तेव्हाच हा चिखल बसला असणार.

घरगाडीच्या टाकीतलं पाणी बादलीने घेऊन तिने जाळी धुतली. बोटांनी चिखल उकरला, पुन्हा पाणी मारलं. कपड्यांची पर्वा करायला वेळ नव्हता.

"तापमान एकशे एकोणतीस," पडदा म्हणाला. "अंदाजे वेळ अडतीस मिनिटं."

हेमंतनी सिलिंडरचा काटा पाहिला. "सव्वीस मिनिटं," ते म्हणाले. वरपर्यंतची वाट पंधरा मिनिटांची होती. विनया डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या. बोलता येत नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं, आणि हे रेहानाला फार लागलं.

उपाय तिला माहीत होता. तेलात बुडवलेला तापमापक एका तारेने गिअरबॉक्सच्या मेंदूला कळवतो की तेल किती तापलंय. ती तार कापून मध्ये दुसरं काही जोडलं की मेंदूला हवं ते तापमान दाखवता येतं. हा गुन्हा होता. त्यासाठी परवाना जात होता. शिवाय ही गाडी जे शिकेल ते बाकीच्या गाड्याही शिकतील, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिने तो बाजूला सारला.

"दादा, म्युझिक सिस्टिमचं आवाजाचं बटण काढू का तुमचं?"

"काय हवं ते काढा."

गाडीखाली पाठीवर पडून तिने तार कापली, तिथे लांब वायरने बटण जोडलं आणि ते खिडकीतून आत घेतलं. बटण फिरेल तसा तारेतला प्रवाह कमी-जास्त होणार आणि मेंदू त्यालाच तापमान समजणार. मग ती हेमंतच्या शेजारी बसली आणि बटण अगदी हळू फिरवू लागली. एकदम पंच्याण्णव दाखवलं असतं तर गिअरबॉक्स फसला नसता. जाळी धुतल्यावर तेल झरझर निवावं, तितक्याच चालीने आकडा उतरायला हवा होता. एकशे सव्वीस. एकशे एकवीस. यात चार मिनिटं गेली आणि ती तिला चार तासांसारखी वाटली. एकशे दहा. शंभर. चौऱ्याण्णव.

"गाडी पुढे जाण्यास तयार आहे," आवाज म्हणाला. "आपल्या संयमाबद्दल आभार."

"पहिल्या गिअरातच ठेवा," रेहाना म्हणाली. "पाय हलका. झटका द्यायचा न्हाई. आणि गिअर सुटलाच तर आधी ब्रेक, मग हँडब्रेक. गाडी मागं येता कामा नये."

गाडी चढू लागली. आता तेलाचं खरं तापमान जगात कुणालाच माहीत नव्हतं, ना गिअरबॉक्सला ना रेहानाला. चढावर आकडा स्थिर राहिला असता तर संशय आला असता, म्हणून ती बटण थोडं थोडं वरही नेत होती. अठ्ठ्याण्णव, एकशे तीन, एकशे आठ. प्रत्येक आकडा तिने मनाने रचलेला.

दुसऱ्या किलोमीटरला करपट वास गाडीत शिरला. इंजिन मोठ्याने गुरगुरलं, पण वेग वाढला नाही.

"घसरतंय," हेमंत म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "खरं किती तापलं असेल?"

"वासावरनं दीडशे. बोलू नका, पाय हलका."

वळणावर गाडी क्षणभर जागीच थांबल्यासारखी झाली. खाली दरी, मागे पलंगावर विनया. हेमंतनी ओठ घट्ट आवळले आणि पाय आणखी सैल केला. चकत्यांनी पुन्हा पकड घेतली. गाडी रांगत पुढे सरकली.

रुग्णालयाच्या फाटकापासून पन्नास पावलांवर खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि चाकांचा जोर गेला. हेमंतनी ब्रेक दाबून धरला. रेहाना दार उघडून धावत सुटली. दोन परिचारिका स्ट्रेचर घेऊन आल्या, एकीने हाताने फुगा दाबत विनयांना श्वास दिला. सिलिंडरमध्ये तेव्हा जेमतेम मिनिटभराचा ऑक्सिजन उरला होता. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर येऊन "आता ठीक आहेत" म्हणाले, तेव्हा हेमंत पायरीवर बसून मोठ्याने रडले. रेहानाही रडली. त्यात लाजण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी तिने आपल्या गॅरेजात तो गिअरबॉक्स उतरवला. तेलाच्या तळपात्रात चकत्यांचा काळा चुरा साचला होता. गिअरबॉक्सच्या नोंदी दाखवणारं वाचनयंत्र जोडल्यावर शेवटची नोंद समोर आली. मरण्याआधी गिअरबॉक्सने हिशेब जुळवून पाहिला होता. घसरण इतकी आणि तापमान एवढंच, हे त्याला पटलं नव्हतं. खाली लिहिलं होतं: तापमापकाचं वाचन खोटं. तंत्रज्ञाचा हस्तक्षेप. धडा एकसष्ट हजार चारशे गाड्यांना पाठवला.

तिने ती ओळ दोनदा वाचली. आपण पुन्हा त्याच वळणावर असतो तर पुन्हा तेच केलं असतं, याबद्दल तिला शंका नव्हती. तरी तिने ती ओळ तिसऱ्यांदा वाचली.

तेवढ्यात फोन वाजला. भैरू चौगले, तिच्याच गॅरेजात दुरुस्तीला येणाऱ्या, त्याच बनावटीचा गिअरबॉक्स असलेल्या एका मोठ्या पिकअपचा चालक. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, कुंभी नदीच्या पुलाअलीकडं पुरात अडकलोय. वस्तीवरची चौदा माणसं हौद्यात हायती, पाणी चाकाला लागलंय. चहूबाजूनं पाणीच हाय. आणि ह्यो गिअरबॉक्स गाडी सोडंना."

"तेल किती तापलंय?"

"न्हाई तापलं! चौऱ्याऐंशी दाखवतोय. पर म्हणतोय, तापमापकावर विश्वास ठेवता येत नाही, सुरक्षेसाठी दोन तास थांबा."

"तार कापलीस काय तू? कशाला हात लावलास?"

"आईशप्पथ, काय बी केलेलं न्हाई. डिपस्टिक काढून बघितली, तेल गुलाबी हाय, वास न्हाई. सगळं खरं हाय, ताई."

रेहानाने हातातलं फडकं खाली ठेवलं. गिअरबॉक्सला फसवायच्या दहा तरी युक्त्या तिला येत होत्या. त्यातली एकही आता कामाची नव्हती.

"पाणी वाढतंय, ताई," भैरू म्हणाला. "सांगा की लवकर. खरं बोलतोय, हे ह्याला पटवायचं कसं?"